रेगिना नेनीसाठी हेल

"ऐक गं तुर्किणी, तुझ्यासाठी वाजतेय!" सासूबाई ओरडल्या. कोबीच्या पानात सारण भरता भरता शेरिफेने मान खाली घालून हसू दाबलं.

चर्चची दुपारची बाराची घंटा वाजत होती. हंगेरीत ती गावोगाव रोज वाजते. साडेपाचशे वर्षांपूर्वी तुर्कांची फौज एका किल्ल्यावरून पिटाळून लावली, त्याची ती आठवण आहे, असं तिकडचं शाळेतलं पोरही सांगतं. आमच्या शेजारी तुर्की जोडपं राहायला आलं आणि सासूबाईंना आयतंच निमित्त मिळालं. बारा वाजले की कुंपणावरून हाक ठरलेली. सुरुवातीला शेरिफेचा चेहरा पडायचा. मग तिला उमगलं की ही म्हातारी ज्याच्यावर जीव लावते त्यालाच टोचून बोलते, आणि तीही उत्तरं द्यायला शिकली.

"वाजू दे," ती त्या दिवशी म्हणाली. "आम्ही आलो नसतो तर तुम्ही हा कोबी कच्चाच खात बसला असता, रेगिना नेनी."

"हं! म्हणे यांनी आम्हाला कोबी शिकवला! दीडशे वर्षं उरावर बसलात, आणि शिकवलं काय, तर कोबी."

नेनी म्हणजे वडीलधारी बाई, आपल्याकडे मावशी-काकू म्हणतात तसं. मी मात्र सासूबाईंना मामा म्हणायचे. तिकडे आईला मामाच म्हणतात. मी मूळची माणदेशातली, म्हसवडची. आमच्याकडे मामा म्हणजे धोतर नेसलेला, मिशीवाला माणूस. त्यामुळे पहिलं वर्षभर सासूबाईंना हाक मारताना मला हसू यायचं, आणि त्यांना वाटायचं की सून फारच आनंदी स्वभावाची आहे. गेर्गो, म्हणजे माझा नवरा, पुण्यात पाण्याच्या पंपांच्या कामासाठी आला होता. तिथे आमचं जुळलं आणि त्याच्यामागून मी हंगेरीच्या दक्षिणेला, टेकड्यांमधल्या या खेड्यात येऊन पडले.

अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो होतो. चुलीवर दोन पातेली होती. एकात सासूबाईंचं डुकराचं सारण, दुसऱ्यात शेरिफेचं मेंढीचं. तांदूळ तेच, लाल तिखट तेच, कोबीही एकाच वाफ्यातला. डाव अदलाबदल होऊ नयेत म्हणून शेरिफेच्या डावाला सासूबाईंनी स्वतः लाल दोरा बांधून ठेवला होता. तिच्या पातेल्यात आपला डाव चुकून गेला तर तिला ते पातेलं टाकून द्यावं लागेल, याची काळजी तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त.

पान गुंडाळता गुंडाळता सासूबाई थांबल्या. त्यांनी छातीवर हात ठेवून श्वास घेतला. त्यांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी ते आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही त्यांना न सांगताही त्यांना ठाऊक होतं.

"मरायची भीती नाही गं मला," त्या म्हणाल्या. "मला रडेल कोण, तेवढंच कळत नाही."

"काहीतरीच काय, मामा! आम्ही सगळे रडू," मी म्हणाले.

"तुम्ही नाकं शिंकराल. मी रडण्याचं म्हणतेय."

त्यांना काय म्हणायचंय ते मला समजलं. या गावातली जुनी माणसं तिथली नव्हेत. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ती दूर पूर्वेकडून, बुकोविनातून, घोडागाड्यांत बसून आली. येताना फारसं काही आणता आलं नाही, पण हेल आणला. आपल्याकडे बायका मयतीला हेल काढून रडतात ना, तसाच. मेलेल्याला नावाने हाक मारायची, त्याच्या आयुष्यातलं एकेक आठवून त्याला सांगायचं, आणि ते सगळं एका ठरलेल्या सुरात. शब्द ज्याचे त्याचे, त्या घडीला सुचतील ते. सूर मात्र आजीपणजीचा, त्यात बदल नाही. गावातल्या दोन पिढ्यांना सासूबाईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, व्हेरोन नेनीने, असा निरोप दिला होता. त्या दोघींनंतर तो सूर कुणालाच येत नव्हता.

आणि त्या वसंतात व्हेरोन नेनीला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडातून फक्त "ना, ना" एवढं निघायचं. हो म्हणायचं असलं तरी "ना, ना".

"मला शिकवा," मी म्हणाले. "सूर तर शिकता येईल. मी टेपवर घेते हवं तर."

सासूबाईंनी ओल्या हातानेच माझ्या मनगटावर फटका मारला. "घरात कुणी मेलेलं नसताना हेल काढायचा? तो ऐकून मरण वाट चुकतं आणि आपल्या दारात येतं. शहरातून एक मास्तर आला होता यंत्र घेऊन, म्हणाला, नेनी, एकदाच म्हणून दाखवा. मी त्याला म्हटलं, तू मर आधी, मग म्हणते."

आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण लगेच त्यांचे डोळे भरून आले. सासूबाईंना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "बिनहेलाचं माणूस कुत्र्यामांजरासारखं जातं गं," त्या म्हणाल्या. "मी एवढ्यांना पोचवलं. मलाच कुणी पोचवायचं नाही?"

शेरिफेचे हात थांबले होते. तिची हंगेरियन मोडकीतोडकी, पण ऐकण्यात ती पक्की. "घरचीच बाई लागते?" तिने विचारलं. "रक्ताची?"

"रक्ताची असली तर बरं. परकी कशाला रडेल? आणि तुला काय करायचंय? तुम्ही तुर्क तर नाचाल, म्हातारीची कटकट गेली म्हणून!"

 शेरिफेने पान हातात घेतलं, उगाच पुन्हा पुन्हा गुंडाळलं आणि पातेल्यात ठेवलं. मला वाटलं, या वेळी म्हातारीचं बोलणं तिला लागलं.

अक्रोड पडायला लागले त्या सुमारास सासूबाई गेल्या. सकाळी कॉफी मागितली आणि मी ती घेऊन येईपर्यंत संपल्या होत्या.

आता तिकडे मयत घरात ठेवत नाहीत. दफनभूमीच्या दाराशी एक लहानशी खोली असते, तिथे शवपेटी ठेवतात, आणि फादर येईपर्यंत बायका भोवती बाकांवर बसतात. दफनभूमी आमच्या चर्चला लागूनच, मध्ये फक्त एक बुटकी भिंत. पेटी उघडी होती. सासूबाईंना काळा पोशाख घातला होता, हनुवटीखाली रुमालाची गाठ, जशी त्या रविवारी मारायच्या तशी. गेर्गो उशाशी उभा होता. व्हेरोन नेनीची चाकांची खुर्ची आम्ही पेटीला अगदी खेटून लावली होती. ती बहिणीकडे बघत होती आणि अधूनमधून हलकेच म्हणत होती, "ना, ना."

बायका बसल्या. जपमाळा बाहेर निघाल्या. प्रार्थना झाली आणि मग सगळं शांत झालं. ती शांतता कशासाठी होती ते त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. या शांततेत इतकी वर्षं रेगिना नेनी उठून उभी राहायची, डोकं जरा कलतं करायची आणि सुरू करायची.

"म्हणजे कुणीच नाही?" पिरोश्का नेनी शेवटी म्हणाली. ती सासूबाईंची मैत्रीण, आणि गावातली सगळ्यात फटकळ बाई. तिच्या नवऱ्याला सासूबाईंनीच पोचवलं होतं. "रेगिनासाठी कुणीच नाही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सून मीच.

मी उठले. पेटीवर हात ठेवला आणि मला जे येत होतं ते केलं. "अगं माझे आईऽऽ, मला एकलीला टाकून कुठं निघालीस गंऽऽ" म्हसवडला माझी आजी गेली तेव्हा माझ्या आत्या अशाच रडल्या होत्या. मी चार ओळी कशाबशा म्हटल्या. रडू खरं होतं, त्यात काही खोट नव्हती. पण सूर आमचा होता, आमच्या माळावरचा. तो वर जायचा आणि तिथेच घोटाळायचा. बायकांनी आदराने माना खाली घातल्या, कुणी डोळे पुसले, पण कुणाच्या अंगात तो शिरला नाही. ते मला माझ्या पाठीलाच कळलं. मी थांबले आणि बाकावर येऊन बसले. सासूबाईंचं मागणं ते एकच, आणि तेवढं माझ्याच्याने झालं नाही, या विचाराने मला कुणाला तोंड दाखवू नये असं झालं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. शेरिफे आत आली. तिचा नवरा याकूप, तालुक्याच्या गावात त्याचं कबाबाचं दुकान आहे, तो टोपी हातात धरून बाहेर फाटकापाशीच थांबला होता. शेरिफेने काळा रुमाल बांधला होता, अगदी इतर बायकांसारखा. नवा माणूस असता तर यातली तुर्कीण कोण ते त्याला ओळखता आलं नसतं. ती माझ्याजवळ वाकली.

"मी रक्ताची नाही," ती कुजबुजली. "चालेल?"

"काय चालेल?"

"आमच्याकडे पण असतं. डोंगरात, आमच्या गावी. आमचे होजा, मशिदीतले, रागावतात, म्हणतात देवाने दिलेल्या मरणावर एवढं रडू नये. बायका ऐकत नाहीत." तिने ओठ चावला. "त्या दिवशी मी बोलले नाही. कुणी मेलेलं नसताना त्याचं नावही काढायचं नसतं, आमच्याकडे पण."

मी गेर्गोकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. त्याने नुसती मान हलवली.

"चालेल," मी म्हणाले.

"तुर्कीण?" पिरोश्का नेनी मागून पुटपुटली. "रेगिनाला आता तुर्कीण रडणार?"

शेरिफे पेटीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तिने सासूबाईंच्या पायांवर हात ठेवला. डोकं जरा कलतं केलं. अगदी तेवढंच डोकं सासूबाई कलतं करायच्या.

मग तिने सुरुवात केली.

पहिला स्वर एकदम उंचावर लागला आणि तिथून खाली यायला लागला. एकेक पायरी उतरावी तसा. थोडं थांबून परत थोडा वर, आणि परत खाली, आणखी खाली. एका श्वासात मावतील तेवढे शब्द, मोजमाप नाही, आणि शेवटी खालच्या स्वरावर एक लांब उसासा. शब्द तुर्की होते. मला त्यातलं "रेगिना" तेवढं कळलं. पण तो सूर मी ओळखत होते. त्या खोलीतली प्रत्येक बाई तो ओळखत होती. तो रेगिना नेनीचा सूर होता.

 बाकांवरच्या माना एकेक करून वर झाल्या. पिरोश्का नेनीच्या बोटांत जपमाळेचा मणी तसाच राहिला.  शेरिफेने दुसरी ओळ घेतली. पुन्हा तेच उतरणं, तोच मध्येच थबकणारा स्वर, तोच शेवट. हिने हा हेल ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. ती शेजारी आल्यापासून गावात मयती झाल्या होत्या, पण तिचं पाऊल या खोलीत आज पहिल्यांदा पडलं होतं. आणि मरण नसताना हेल काढायला सासूबाईंनी यंत्रवाल्या मास्तरला नकार दिला होता, मला दिला होता, मग हिला कुठून ऐकवणार?

लोक मला नंतर म्हणाले की बाई, दुःख सगळीकडे सारखंच, रडणंही सारखंच. ज्यांनी ते ऐकलं नाही तेच असं म्हणतात. थोड्याच वेळापूर्वी त्याच जागी उभी राहून मी माझं रडणं रडले होते, आणि ते सारखं नव्हतं. हे दोन हेल सारखे होते. कसे, ते मी आजही सांगू शकत नाही. कुणी शिकलेला माणूस म्हणतो, तुर्कांच्या राज्यात इकडच्या बायकांनी उचलला असेल. कुणी म्हणतो, छे, त्याच्याही हजार वर्षं आधी, दोघांचे पूर्वज घोड्यांवरून गवताळ मुलखात शेजारी शेजारी हिंडत होते, तेव्हाचा असेल. असेलही. माझ्यासमोर त्या वेळी पूर्वज नव्हते. कुंपणापलीकडे कोंबड्या पाळणारी एक बाई होती, आणि तिच्या गळ्यातून माझी मेलेली सासू ऐकू येत होती.

शेरिफे तिसऱ्या ओळीच्या शेवटाला आली. खालचा स्वर लागला, तिने श्वास घेतला. आणि त्या श्वासाच्या जागेत दुसराच आवाज उठला.

"हाऽऽय..."

खरखरीत, वाकडा, पण सुरात. आम्ही सगळ्या वळलो. व्हेरोन नेनीने डाव्या हाताने पेटीची कड घट्ट धरली होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलंच होतं, गालावरून पाणी वाहत होतं, आणि ती गात होती.

"हाय, माझे बहिणी, माझे रेगिना, कुठं निघालीस मला सोडून? गाडीत बर्फ पडत होतं, तू मला तुझ्या शालीत घेतलंस, आता मला कुणाच्या शालीत ठेवून चाललीस?"

शब्द. वसंतापासून ज्या तोंडातून "ना, ना" याखेरीज काही आलं नव्हतं, त्यातून शब्द येत होते, एकामागून एक. डॉक्टर नंतर म्हणाले की असं घडतं कधी कधी, बोलणं जातं पण गाणं राहतं. त्यांनी ते फार साधेपणाने सांगितलं. मी तिथे होते, मला ते साधं वाटलं नाही. गेर्गो मटकन गुडघ्यांवर बसला आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

व्हेरोन नेनीची ओळ संपली. शेरिफेने पुढची उचलली. ती संपली तशी व्हेरोन नेनीने. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. पण कुणी कुठे थांबायचं आणि कुणी कुठे घ्यायचं, यात एकदाही चूक झाली नाही. जणू दोघी एकाच आईच्या मांडीवर हे शिकल्या होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीला मागून पिरोश्का नेनीने शेवटचा स्वर धरला, मग आणखी एकीने, मग सगळ्या बाकांनी. ज्यांना वाटत होतं की आपल्याला येत नाही, त्यांनाही तो शेवट येत होता. आयुष्यभर तो कानांवर पडला होता ना! मीही धरला. या वेळी माझा सूर कुठे घोटाळला नाही.

दारात फादर येऊन उभे होते. तरुण होते, शहरातून नवेच आलेले. त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं आणि चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांच्या मागे याकूप टोपी छातीशी धरून रडत होता.

शेरिफे काय म्हणत होती ते मी तिला पुढे कितीतरी दिवसांनी विचारलं. सूर लावून सांगणार नाही, नुसतं सांगते, म्हणाली. "मी म्हटलं, मी परक्या मुलखातून आले, माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. तू कुंपणावरून मला शिव्या दिल्यास, रोज दिल्यास, देता देता मला घरची केलीस. माझ्या डावाला तू लाल दोरा बांधलास. आता घंटा वाजेल आणि मी कुंपणाकडे बघेन. तिथे कोण असेल?"

आणि घंटेची गोष्ट अशी, की ती त्या दिवशी बाराला वाजलीच नाही.

आमच्या गावात घंटा हाताने वाजवतात. लोरिंत्स बाची, म्हणजे लोरिंत्सकाका, हे ती वाजवणारे. माणूस इतका वक्तशीर की लोक त्यांच्या घंटेवर घड्याळं लावतात. त्या दिवशी ते मनोऱ्यात उभे होते, दोर हातात होता, आणि खिडकीतून खालचं सगळं ऐकू येत होतं. बारा वाजले, वाजून गेले. शेतांमधून लोकांनी माना वर करून बघितलं म्हणे, बाचींना काही झालं की काय. मी त्यांना पुढे विचारलं, तेव्हा ते जरा रागानेच म्हणाले, "मग काय करणार होतो? व्हेरोन बोलत होती ना! मधेच कशी वाजवू?"

हेल संपला तो कुणी संपवला म्हणून नाही. व्हेरोन नेनी थकून खुर्चीत मागे टेकली, शेरिफेने शेवटचा खालचा स्वर एकटीने धरला आणि तो तिच्या श्वासाबरोबर विरून गेला.  सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून मला एवढं समाधान वाटलं, की त्या मेल्यात हे क्षणभर मी विसरून गेले आणि त्यांना सांगायला वाकले, की मामा, ऐकलंत ना, बिनहेलाच्या नाही गेलात.

तेवढ्यात वर घंटा वाजायला लागली. तीच, तुर्कांना पिटाळल्याची. खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडे चोरून पाहिलं, कुणाला कुठे बघावं ते कळेना.

शेरिफेने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. ती पेटीच्या उशाशी आली, सासूबाईंच्या कानाशी वाकली. जिवंतपणी तिने त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"ऐक गं नेनी," ती म्हणाली, "आज तुझ्यासाठी वाजतेय."